एक चावी अकोल्यात

गुणवंतभाऊ वानखड्यांनी कोरी वस्तू विकत घेतल्याचं मला आठवत नाही. चपला आणि औषधं सोडली तर त्यांच्या घरात जे काही होतं ते आधी दुसऱ्या कुणाचं तरी होतं. कूलर एका निवृत्त पोस्टमास्तरांचा, शिलाई मशीन परतवाड्याच्या एका शिक्षिकेचं, झोपाळा कुठल्याशा वकिलाचा. स्कूटर तर त्यांच्याच कचेरीतल्या साहेबांची. यात कंजुषी नव्हती, हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या कॉलनीत बऱ्याच जणांचा तसा समज होता आणि अजूनही आहे. गुणवंतभाऊंना कोऱ्या वस्तूचा भरवसाच वाटायचा नाही.

"नवी चीज म्हंजे अनोयखी चीज, ताई," ते म्हणायचे. "तिचा सोभाव कोन सांगन? दुकानदार? त्याले तं थे कालच भेटली."

त्यामुळे वस्तू घ्यायची म्हणजे आधी तिच्या मालकाला गाठायचं. त्याच्या घरी जायचं, चहा प्यायचा, जमलं तर जेवायचं, आणि तो माणूस पटला तर वस्तू उचलायची. पोस्टमास्तरांच्या कूलरसाठी ते इतक्यांदा त्यांच्याकडे गेले की शेवटी पोस्टमास्तर स्वतःच कूलरसोबत रिक्षात बसून आले. पुढे दर उन्हाळ्याच्या तोंडी ते येत, कूलरची वाळ्याची ताटी बदलली का बघत आणि आमरस खाऊन जात. शिलाई मशीनवाल्या बाई अधूनमधून येऊन त्याच मशीनवर स्वतःचा ब्लाऊज शिवून नेत. वस्तू घेतली की तिच्याबरोबर एक माणूसही या घरात दाखल व्हायचा आणि मग तो जायचा नाही. विमलवहिनी, म्हणजे गुणवंतभाऊंच्या पत्नी, कणीक मळता मळता म्हणायच्या, "बाप्पा, आता फ्रिज घेऊ नोका. फ्रिजवाल्याचं घर मोठं हाये."

अमरावतीत आमच्या आणि त्यांच्या घरांच्या मध्ये एक कंबरेएवढी भिंत. भिंतीच्या अलीकडे मी, आयुष्यभर बँकेत कर्जाची प्रकरणं तपासलेली बाई. माणसाआधी त्याचा कागद बघायची मला सवय. पलीकडे हे, ज्यांनी कागद कधी उलटूनसुद्धा पाहिला नाही. आमचं पटलं कसं याचं मला नवल वाटतं. भांडणं मात्र भरपूर झाली, आणि ती सगळ्या कॉलनीला ऐकू गेली, कारण गुणवंतभाऊ कानात सांगायची गोष्टही चौथ्या घरापर्यंत पोचेल अशा आवाजात सांगत. उंच, थोडे वाकलेले, पँटशर्टावरही खांद्याला दुपट्टा. ते पाटबंधारे खात्यात नोकरीला होते, पण दुपट्टा काही त्यांनी कचेरीतही उतरवला नाही.

तो दुपट्टा आणि तो आवाज, दोन्ही बार्शीटाकळीच्या पुढच्या त्यांच्या गावाहून आलेले. तरुणपणी ते शंकरपटात जोडी पळवायचे. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत: हलकीशी गाडी, दोन बैल आणि हाकणारा एकटा. गुणवंतभाऊंच्या वडिलांची जोडी त्या भागात नावाजलेली होती आणि हाकायचे गुणवंतभाऊ. त्याविषयी ते फार बोलत नसत. इतर सगळ्या विषयांवर बोलत, म्हणून हे माझ्या लक्षात राहिलं. नोकरी लागली, शहरात आले, आणि पळणं संपलं. साहेबांची ती स्कूटर ते अशा चालीनं चालवायचे की सायकलवाले मागून घंटी वाजवत.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते दाराच्या चौकटीवर आपटू लागले. नेहमी डावा खांदा. आधी त्यांनी सुताराला शिव्या दिल्या. मग भिंतीवरून मी दिलेली आमटीची वाटी त्यांच्या हाताच्या धक्क्यानं पडली, तेव्हा वहिनी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. काचबिंदू निघाला. हा मोठा लबाड आजार आहे. आधी कडेचं दिसणं जातं, मधलं शाबूत असतं, म्हणून माणसाला वाटतं आपल्याला सगळं दिसतंय. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, उरलं आहे ते थेंब घालून जपू, पण तेही हळूहळू जाईल. गाडी चालवणं आजपासून कमी करा, पुढे बंदच करावं लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणवंतभाऊ भिंतीपाशी आले. "ताई, मले गाडी घ्याची हाये. पयनारी."

पयनारी म्हणजे पळणारी. मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं. "भाऊ, डॉक्टर काय म्हणाले तुम्हाला?"

"म्हनूनच तं," ते म्हणाले. "जवानीत बैलं पयवले. मंग सारी उमर थे स्कूटर. आता मधलं दिसून राह्यलं तोवर एकडाव जोरात जाऊन पाहू द्या मले. मंग बसतो घरी. कोनाले काही म्हननार नाही."

मी रागावले. रस्त्यावर दुसरी माणसंही असतात, हे त्यांना स्पष्ट ऐकवलं. ते ऐकत राहिले आणि मान हलवत राहिले, पण हे मान हलवणं म्हणजे होकार नव्हे हे मला ठाऊक होतं. दुपारी वहिनी आल्या. मला वाटलं त्या माझ्या बाजूनं बोलतील.

"यायचं डोकं फिरलं ताई," त्या म्हणाल्या. "पन मी आडवी नाही येत. अंधारात बसाचंच हाये पुढं. काही पाहून बसतीन तं बरं राहीन. मी बसतो ना डाव्या अंगाले, मी सांगतो."

वऱ्हाडात बायकाही स्वतःबद्दल 'मी बसतो' असं म्हणतात. त्या दिवशी मला तो शब्द फार जड वाटला.

हवी तशी गाडी अकोल्यात सापडली. फोनवरची जाहिरात कुणीतरी दाखवली होती. कागद बघायला म्हणून मला सोबत घेतलं, आणि एसटीनं आम्ही गेलो. गाडीचा मालक इरफान, तिशीतला पोरगा, गावात चष्म्याचं दुकान. घरासमोरच्या गल्लीत ती उभी होती: पांढरी, चार दारांची, बसकी, जर्मन बनावटीची. दिसायला साधी. पण इरफान म्हणाला, हिचं इंजिन पळण्यासाठीच बनवलंय. मुंबईच्या एका हौशी माणसाकडून त्यानं ती घेतली होती, आणि त्या दोघांनी मिळून ती इतकी चालवली होती की आकडा दोन लाख किलोमीटरच्या पुढे गेला होता. तो पाहून मी गुणवंतभाऊंचा दुपट्टा ओढला. भाऊ उलट खूश झाले.

"एवढी पयली अन् अजून उभी हाये! न पयलेल्या बैलाचा काय भरवसा, ताई?"

मी विमा तपासला, दुरुस्तीची बिलं एकेक वाचली. गुणवंतभाऊंनी बॉनेट उघडायलाही लावलं नाही. ओट्यावर बसून ते इरफानला विचारत होते.

"चिडते कवा?"

इरफाननं आधी गाडीकडे पाहिलं. मग त्याला प्रश्न कळला आणि त्याचा चेहराच बदलला. "थंडीच्या सकाळी, काका. चालू केली अन् लगेच दाबली तं चिडते. थोडा वेळ हळू चालवाची."

"सवय काय वाईट?"

"तेल पिते. लांब जायचं असलं तं आधी पाहून घ्यायचं. अन् खड्ड्यात उजव्या चाकातून कुरकुर करते. मिस्त्री लोकांनी लय पाहिलं, जात नाही. खराबी नाही थे, आदत हाये."

"जीव कशात हाये तिचा?"

"तिसऱ्या गिअरात," इरफान म्हणाला आणि लाजला.

विकायचं कारण त्यानं सांगितलं. त्याच्या अम्मींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. इतक्या खाली वाकून त्यांना बसता येत नव्हतं, आणि अम्मींना घरी टाकून तो कुठे फिरायला जात नव्हता. बोलताना त्याचा हात गाडीच्या टपावर होता. गुणवंतभाऊ त्या हाताकडे बघत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि समजले की व्यवहार झाला.

अम्मींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना भाऊंच्या डाव्या कोपराचा धक्का लागून पाण्याचा पेला कलंडला. इरफाननं पाणी पुसलं, पेला पुन्हा भरला आणि या वेळी तो भाऊंच्या उजव्या हाताला ठेवला. थोड्या वेळानं त्यानं डाव्या बाजूनं पोळीचा डबा हळूच पुढे केला. भाऊंनी तिकडे पाहिलंच नाही. चष्म्याच्या दुकानात बसणारा पोरगा तो, त्यानं मनातल्या मनात काय ते ओळखलं.

मग तो आम्हाला गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेला. तो चालवत होता, भाऊ शेजारी, मी मागे जीव मुठीत धरून. त्यानं पाय दाबला तेव्हा माझी पाठ सीटमध्ये रुतली आणि दोन्ही बाजूंची शेतं मागे ओढल्यासारखी निघून गेली. गुणवंतभाऊ ओरडले नाहीत, हसले नाहीत. सगळं जग मागे रेलत असताना हा माणूस पुढे वाकून बसला होता, हात गुडघ्यांच्या मध्ये, मान ताठ. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण हा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. गाडी थांबल्यावर त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि मला म्हणाले, "वारा लागला."

काचा तर बंद होत्या.

घरी परतल्यावर भाव ठरला तोही भाऊंच्याच पद्धतीनं. बैलबाजारात हातावर कपडा टाकून बोटांनी भाव सांगतात, बाजूच्या माणसाला आकडा कळत नाही. भाऊंनी दुपट्टा इरफानच्या हातावर टाकला आणि खाली बोटं चाचपली. मी म्हटलं, अहो, इथे आपण तिघंच आहोत, लपवायचं कुणापासून? पण इरफानच्या आजोबांचा अकोटच्या बाजारात ढोरांचा व्यापार होता, त्याला ही बोटांची भाषा येत होती. दोघं बराच वेळ गंभीर चेहऱ्यानं दुपट्ट्याखाली बोलत राहिले. अम्मी आतून बघून हसत होत्या.

पैसे दिले, कागदांवर सह्या झाल्या, इरफाननं दोन चाव्या पुढे केल्या. गुणवंतभाऊंनी एकच उचलली.

"दुसरी तुह्यापाशी राहू दे."

"काका, ही पन तुमचीच."

"आमच्या घरी बैल इकला तरी दावं देत नसत. जनावर जाते, दावं खुंट्यावर राह्यते. गोठा एकदम रिकामा करू नाही मानसानं."

मी तोंड उघडलं. विकलेल्या गाडीची चावी जुन्या मालकाकडे ठेवणारा माणूस मी नोकरीत पाहिला असता तर त्याचं प्रकरण तिथेच नामंजूर केलं असतं. बैलाच्या दाव्यानं कुणी बैल चोरून नेत नाही, चावीनं गाडी नेतात, हे मी त्यांना सांगितलं. भाऊ म्हणाले, "ताई, तुमची बँक तुमच्यापाशी."

भाऊ हात धुवायला आत गेले तेव्हा इरफान माझ्याजवळ आला. "ताई, काकांले बाजूचं दिसत नाही ना?"

मी हो म्हटलं. मग माझा राग त्याच्यावर निघाला. "तुला कळलं होतं तर विकलीस कशाला?"

त्यानं ती चावी तळहातावर उलटीपालटी केली. "मी नाही देली तं दुसरा कोनी देईन. अन् दुसऱ्यापाशी चाबी राहनार नाही."

त्या संध्याकाळी तोच आम्हाला गाडीनं अमरावतीला सोडून गेला आणि बडनेऱ्याहून रेल्वेनं परत गेला. वहिनींनी गाडीला ओवाळलं आणि इरफानलाही.

पुढचे काही महिने आमच्या गल्लीत आनंदाचे होते, माझा जीव टांगणीला होता तरी. गुणवंतभाऊ सकाळी उजाडल्यावर, रस्ते मोकळे असताना निघत. डाव्या सीटवर वहिनी. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत वहिनींचा आवाज ऐकू यायचा: "सायकल. कुत्रं. थांबा हो, मास्तरीन हाये." गावाबाहेर मोकळा रस्ता लागला की त्या गप्प होत आणि डोळे मिटून घेत, असं त्यांनीच मला सांगितलं. परत आल्यावर भाऊ भिंतीपाशी येऊन उभे राहत. काही सांगत नसत. नुसते उभे. चेहऱ्यावर असं काही असायचं की मी दोन शब्द सुनावायचे ठरवूनही चहा पुढे करायची.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात. वर्षभर जू वाहून खांदा सोलतो, म्हणून. आणि बैलांना निमंत्रण देतात: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मी फाटकाशी आले तर भाऊ वाटी घेऊन गाडीच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या वरचा पत्रा मनापासून चोळत होते. हळद चांगली घरची, तूपही घरचं. रात्रभर ते तसंच राहिलं, दुसऱ्या दिवशी वर ऊन लागलं, आणि पांढऱ्या रंगावर दोन पिवळे ढब्बे कायमचे बसले. भाऊंनी साबणानं घासलं, वहिनींनी लिंबानं. शेवटी त्यांनी इरफानला फोन केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज खाली गेलेला ऐकला.

इरफान पॉलिशचे डबे घेऊन आला. डाग पाहून त्याच्या तोंडून "या अल्ला" निघालं. मग तो खाली बसला आणि हसू आवरेना म्हणून तसाच बसून राहिला. दुपारभर घासून डाग फिके झाले, गेले नाहीत. "राहू द्या काका," तो म्हणाला, "आता ही वऱ्हाडची झाली." वहिनींनी त्याला पुरणपोळी वाढली, आणि कूलर, मशीन, झोपाळा यांच्या माणसांमध्ये त्या घरी एक माणूस आणखी वाढला.

त्यानंतर जे झालं ते मी पाहिलेलं नाही, इरफानकडून ऐकलं आहे. हिवाळा होता. वहिनी लग्नाला गेल्या होत्या आणि भाऊंच्या मनात आपल्या गावी जायचं आलं. डाव्या बाजूला कुणी नसताना ते निघाले. बार्शीटाकळीच्या अलीकडे रस्त्याच्या डाव्या कडेनं एक बाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन चालली होती. भाऊंना ती दिसलीच नाही. ते हळू होते, हे तिचं नशीब आणि त्यांचंही. गाडीचा आरसा पेंढीच्या लोंबणाऱ्या ताटांना लागला, पेंढी रस्त्यावर विखुरली आणि बाई खाली बसली. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण ती उठली ती भांडायला कंबर बांधूनच.

"डोये फुटले काय रे तुहे?"

गुणवंतभाऊ गाडीतून उतरून तिच्यासमोर उभे होते. ते म्हणाले, "हो माय. फुटलेच हायेत."

मग तिनं त्यांच्या चेहऱ्याजवळ हात हलवून पाहिला, डावीकडून. "मंग गाडी काहून हाकतं?"

भाऊंनी आधी सगळा कडबा गोळा करून तिची पेंढी बांधून दिली. मग इरफानला फोन केला, खिशातून चावी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. म्हणाले, अकोल्याहून माझा माणूस येईल, तोवर ही तुझ्यापाशी ठेव. मी मागितली तरी देऊ नोको. त्या बाईनं चावी पदराला गाठ मारून बांधली आणि कडुलिंबाखाली त्यांच्याजवळ राखण करत बसली. इरफान मित्राच्या मोटारसायकलवरून पोचला तेव्हा ती दोघं तिच्या फडक्यातली भाकर आणि ठेचा खात होती.

"तू कोन?" तिनं विचारलं.

"मी आधीचा मालक, मावशी."

"मंग यायले देली काहून तू?"

इरफान मला सांगत होता, "ताई, तुमीबी हेच विचारलं होतं. तुमाले जवाब देला होता मी. तिले नाही देता आला." त्यानं खिशातली आपली चावी दाखवली तेव्हाच ती बाई उठली. पदराची गाठ तिनं सोडली ती इरफानसमोर, आणि ती चावीही त्याच्याच हाती दिली. भाऊंनी हरकत घेतली नाही.

गुणवंतभाऊ त्या दिवसापासून स्टिअरिंगला शिवले नाहीत. कुणाला सांगावं लागलं नाही. वहिनी परत आल्यावर भाऊंनी त्यांना सगळं सांगितलं, चौथ्या घरापर्यंत ऐकू जाईल असं, एक शब्द न लपवता. मी भिंतीपलीकडून ऐकत होते. मला त्यांचा भयंकर राग आला होता, ती बाई मेली असती तर, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. आणि त्याच वेळी मला त्यांच्याविषयी इतकी माया वाटत होती की चूल विझल्याचंही मला कळलं नाही. चूल म्हणजे गॅसच, पण आमच्या पिढीची जीभ तशीच वळते. पुढचे बरेच दिवस ते भिंतीपाशी आले नाहीत. गाडी झाकून ठेवली होती. दिवसचे दिवस त्यांचा आवाज आला नाही असं तेव्हा पहिल्यांदाच झालं आणि आमची सगळी गल्ली आजारी असल्यासारखी वाटत होती.

मग एका सुटीच्या दिवशी इरफान आला. त्यानं काही विचारलं नाही. झाकण काढलं, तेल पाहिलं, आपल्या चावीनं गाडी सुरू केली आणि थोडा वेळ ती तशीच गुरगुरू दिली. मग हॉर्न वाजवला. भाऊ दारात आले.

"काका, तिले पयवाची हाये. उभी राहून राहून बिगडन. मले एकट्याले बोर होते."

तेव्हापासून दुकानाच्या सुटीला तो सकाळच्या रेल्वेनं यायचा. अम्मींना शेजारीण सोबत करायची, आणि परत जाताना वहिनी अम्मींसाठी काही ना काही बांधून द्यायच्या. भाऊ डाव्या सीटवर, वहिनी मागे, कधी कधी मी. भाऊंचं मधलं दिसणंही आता आटत चाललं होतं. आधी नळीतून पाहिल्यासारखं, मग धुकं, मग उजेड आणि सावली एवढंच. इरफानला ते भाऊंच्या आधी कळायचं, पण तो बोलायचा नाही. तो फक्त रस्ता सांगायचा. आता वळण. आता चढ. समोर ट्रक, त्याच्यावर मेंढरं. भाऊ ऐकायचे आणि मधूनच म्हणायचे, "दाब," आणि इरफान जागा बघून दाबायचा.

मी त्यांना गाडीत शेवटचं पाहिलं ते असंच, वरूडच्या रस्त्यावर. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी मुलीकडे गेले होते आणि परत येईपर्यंत गुणवंतभाऊ झोपेतच गेले. पण ही त्याच्या आधीची, हिवाळ्यातली गोष्ट. संत्र्यांचा हंगाम, रस्त्याच्या कडेला जागोजागी ढीग. काचा खाली होत्या. तोवर त्यांना काहीच दिसत नव्हतं, हे आम्हा तिघांना माहीत होतं आणि त्यांनाही. एका वळणानंतर ते म्हणाले, "डाव्या अंगाले मोठा बगीचा हाये आता. आला काय?"

आम्ही तिघांनी डावीकडे पाहिलं. बगीचा नव्हता. झाडं केव्हाच काढली होती, जमीन सपाट झाली होती आणि तिच्यात प्लॉट पाडून पांढरे दगड पुरले होते. इरफाननं आरशातून मागे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

"आला ना," वहिनी म्हणाल्या. "लय फळ धरलं हो यंदा. फांद्या टेकल्या जमिनीले."

भाऊंच्या खांद्यांना हसू फुटलं.

"खोटं बोलून राह्यली. प्लॉट पडले तिथं. मी चालवत होतो तवाच पडले, म्याच पाह्यले." त्यांनी हात मागे केला आणि वहिनींचा गुडघा चाचपडून थोपटला. "पन तुहा बगीचा चांगला हाये. सांग, पुढं काय हाये?"

वहिनींनी समोर पाहिलं. दूरवर एक टँकर येत होता, तो त्यांनी जाऊ दिला. मग पुढे झुकून त्यांनी एक हात भाऊंच्या खांद्यावर ठेवला आणि दुसरा इरफानच्या.

"पुढं काही नाही," त्या म्हणाल्या. "रस्ता मोकळा हाये. जाऊ दे रे बाबू, जोरात."